रक्तातील विळा आणि सोयरिकीचा प्रश्न



‘जनुक’ हा शब्द आपल्या खेड्यांत आला तो बियाण्याच्या पाकिटावर बसून. २००२ साली आपल्या देशात बी.टी. कापसाला परवानगी मिळाली. पऱ्हाटीच्या बियात एका जिवाणूचे जनुक घातलेले असते आणि त्यामुळे बोंडअळी मरते, असे आपण तेव्हा ऐकले. पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला पुरून उरली, तो विषय वेगळा. पण जनुके काही फक्त पऱ्हाटीतच असतात असे नाही. ती तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत आणि गोठ्यातल्या गाईतही आहेत. आज आपण माणसाच्या एकाच जनुकाची हकीकत पाहणार आहोत. हे जनुक गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावतीचा मेळघाट आणि तिकडे नंदुरबार या भागांतील पुष्कळ घरांत आहे. त्याच्यामुळे होणाऱ्या आजाराला सिकलसेल म्हणतात. सिकल म्हणजे विळा.

हा आजार ज्या घरात आहे त्या घराला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. मूल जन्मते तेव्हा चांगले असते. सहा महिने जातात, वर्ष जाते, आणि मग त्याच्या हातापायांना सूज येऊ लागते. कधी डोळे पिवळे होतात, कधी पोटात पाणथरी वाढते. थंडीच्या दिवसांत किंवा तापानंतर हाडे अशी ठणकतात की शहाणीसुरती पोरे रात्रभर ओरडतात. गावात कोणी म्हणते बाहेरचे लागले, कोणी म्हणते वात आहे. आणि पुष्कळ ठिकाणी बोट वळते ते त्या पोराच्या आईकडे. ‘हिच्या पायगुणाने झाले’ असे म्हणणारे अजून आहेत. हे म्हणणे किती खोटे आहे, ते आज आपण हिशेबाने पाहू.

आपले रक्त लाल दिसते ते तांबड्या पेशींमुळे. या पेशी गोल आणि मधे दबलेल्या असतात, मऊ असतात, त्यामुळे बारीकातील बारीक रक्तवाहिनीतून त्या अंग चोरून निघून जातात. त्यांच्या पोटात हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य भरलेले असते. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोचवायचा, हे त्याचे काम. सिकलसेलच्या रोग्यात हे द्रव्य थोडे निराळे बनते. प्राणवायू सोडून दिला की त्याच्या काड्या एकमेकींना चिकटतात, पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकडी होते. असे विळे अरुंद वाहिनीत अडकतात. चारीत काटक्या अडकल्या म्हणजे पुढच्या वाफ्याला पाणी जात नाही, तसेच येथे होते. रक्त पोचत नाही तो भाग ठणकू लागतो. शिवाय चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही वाकडी पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात.

या विळ्यांचे पहिले शास्त्रीय वर्णन अमेरिकेतील शिकागो शहरात डॉक्टर हेरिक यांनी १९१० साली छापले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष हिमोग्लोबिनच्या घडणीतच आहे. त्यानंतर काही वर्षांतच केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी तो दोष नेमका कोठे आहे ते शोधले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी असतात. त्यांतला सहावा मणी तेवढा बदललेला होता. आपल्या देशात हे जनुक प्रथम आढळले ते १९५२ साली, निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातही ते असल्याचे प्रसिद्ध केले.

आता एक मणी बदलतो म्हणजे काय होते? त्यासाठी जनुक म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत शरीर कसे घडवायचे याचा लेख जपून ठेवलेला असतो. हा लेख डीएनए नावाच्या लांब धाग्यावर चारच अक्षरांत लिहिलेला असतो. संपूर्ण लेखाला जीनोम म्हणतात आणि त्यातील एकेका कामाच्या परिच्छेदाला जनुक. माणसाचा हा लेख वाचून काढण्याचे काम १९९० साली निरनिराळ्या देशांनी मिळून सुरू केले आणि २००३ साली ते पुरे झाल्याचे जाहीर झाले. वाचायच्या राहिलेल्या अवघड जागाही २०२२ सालापर्यंत जवळजवळ सगळ्या वाचून झाल्या. त्यात सुमारे ३०० कोटी अक्षरे निघाली. एका पानावर दीड हजार अक्षरे धरली आणि ५०० पानांचा एक ग्रंथ धरला, तर ४,००० ग्रंथ भरतील. शरीरातील प्रथिने घडवणारी जनुके मात्र २० हजारांच्या आसपासच आहेत.

या चार हजार ग्रंथांत सिकलसेलच्या रोग्याचे एक अक्षर बदललेले असते. होय, एकच. सातबाराच्या उताऱ्यावर ‘सात’ लिहायचे तेथे ‘साठ’ पडले, तर सात एकरांचे साठ एकर होतात आणि पुढचे सगळे व्यवहार चुकतात. तसेच हे आहे. अक्षर एक, पण मणी बदलला. मणी बदलला म्हणून साखळी चिकटू लागली. साखळी चिकटली म्हणून पेशी वाकली आणि पोराची हाडे ठणकू लागली.

पण मंडळी, निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. या लेखाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून आलेली. दोन्ही प्रती चांगल्या असल्या तर त्या माणसाला डॉक्टर एए म्हणतात. एक प्रत चांगली आणि एक विळ्याची असली तर तो एएस, म्हणजे वाहक. दोन्ही प्रती विळ्याच्या असल्या तरच माणूस एसएस, म्हणजे खरा आजारी होतो. वाहकाचे काम चांगल्या प्रतीवर निभावते. तो नांगर धरतो, मोळी आणतो, शाळा शिकतो, म्हातारा होतो. त्याला औषध लागत नाही. आपल्या रक्तात विळ्याची प्रत आहे हे त्याला तपासणीवाचून कळतही नाही.

आता गुरुजींनी वर्गात करावा असा एक खेळ सांगतो. सारीपाट खेळताना कवड्या नसल्या की आपण चिंचोके फोडून फासे करतो. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू पांढरी असते, दुसरी काळसर. पांढरी बाजू म्हणजे चांगली प्रत, काळी बाजू म्हणजे विळ्याची प्रत. एक चिंचोका वाहक बापाचा आणि एक वाहक आईचा. दोन्ही एकदम टाका. दोन्ही पांढऱ्या पडल्या तर मूल एए. एक पांढरी आणि एक काळी पडली तर मूल आईबापांसारखेच वाहक. दोन्ही काळ्या पडल्या तर मूल आजारी. १०० वेळा टाकून फळ्यावर मांडा. साधारण २५ वेळा दोन्ही पांढऱ्या येतील, ५० वेळा एक-एक आणि २५ वेळा दोन्ही काळ्या. चिंचोका एखाद्या अंगाला कलतो. हिशेब अगदी नेमका हवा असेल तर दोन नाणी घ्यावीत.

या खेळातून तीन गोष्टी मुलांच्या आणि मुलांबरोबर घरच्या माणसांच्या ध्यानात येतात.

पहिली गोष्ट. आजारी मूल जन्माला येण्यास दोन्ही चिंचोके काळे पडावे लागतात. एकट्या आईच्या चिंचोक्याने ते होत नाही. तेव्हा सुनेला बोल लावणाऱ्या सासूने हे समजून घ्यावे की काळी बाजू तिच्या मुलाकडूनही आलेली आहे, आणि त्याला ती तिच्याकडून किंवा तिच्या मालकांकडून आलेली आहे. यात कोणाचेच पाप नाही.

दुसरी गोष्ट. प्रत्येक बाळंतपण म्हणजे नवा डाव. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होणार, असा कित्येकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. मागच्या डावात काय पडले ते चिंचोक्याला आठवत नाही. दर वेळी चारांत एक हा धोका तसाच राहतो.

तिसरी गोष्ट आज सर्वांत महत्त्वाची. एक चिंचोका दोन्ही बाजूंनी सोलून पांढरा करा. हा झाला एए जोडीदार. आता कितीही वेळा टाका, दोन्ही काळ्या कधीच पडणार नाहीत. म्हणजे वाहक मुलीने किंवा वाहक मुलाने लग्नच करू नये, असे मुळीच नाही. वाहकाने एए जोडीदाराशी खुशाल संसार करावा. त्यांची काही मुले वाहक होतील, पण सिकलसेलने आजारी होणार नाहीत. धोका आहे तो दोघेही वाहक असताना. जोडीदार थॅलेसेमिया नावाच्या दुसऱ्या रक्तदोषाचा वाहक असला तरीही धोका असतो, म्हणून तेही डॉक्टरांना विचारून घ्यावे. नात्यातल्या नात्यात सोयरीक होते तेव्हा दोघांकडे तीच प्रत असण्याचा संभव वाढतो. तेथे तर तपासणी चुकवूच नये.

आता कोणी विचारील, असले वाईट जनुक आमच्याच भागात इतके का वाढले? आमच्या पूर्वजांनी काय केले होते? याचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. १९५४ साली ॲलिसन नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत पाहिले की जेथे हिवताप फार, तेथे विळ्याचे जनुकही फार. वाहक मुलांना जीवघेणा हिवताप इतरांपेक्षा कमी होत होता. डास आणि हिवताप यांनी भरलेल्या जंगलपट्ट्यात शेकडो पिढ्या पोरे तापाने जात राहिली. त्यांत ज्यांच्याजवळ विळ्याची एक प्रत होती ती जास्त तगली, वाढली आणि त्यांनी ती प्रत पुढे दिली. तेव्हा हे जनुक आपल्या घरात चोर म्हणून शिरलेले नाही. ते राखणदार म्हणून राहिले, आणि त्या राखणदारीची किंमत दोन प्रती मिळालेली पोरे भरत आली. ज्याच्या कार्डावर ‘वाहक’ लिहिले आहे, त्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. त्याचे पूर्वज याच प्रतीच्या जोरावर तापातून वाचले असतील.

तपासणी कशी होते तेही सांगतो. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि एका द्रवात टाकतात. द्रव गढूळ झाला तर विळ्याचे हिमोग्लोबिन आहे असे समजावे. याला सोल्युबिलिटी चाचणी म्हणतात. पण माणूस वाहक आहे की आजारी, हे या चाचणीने कळत नाही. म्हणून गढूळ आलेल्याची दुसरी, यंत्रावरची तपासणी करतात. तेथे एए, एएस की एसएस ते ठरते. पहिल्याच चाचणीवर घाबरून जाऊ नये आणि दुसरी तपासणी टाळूही नये. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ही गढूळपणाची चाचणी लागू पडत नाही. त्याच्यासाठी वेगळी तपासणी असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांना तपासण्याचे ठरले, आणि २०४७ सालापर्यंत या आजाराचे निर्मूलन करण्याचे ध्येय ठेवले आहे. आपल्याकडे आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारले की तपासणीची माहिती मिळते.

पण मंडळी, थेंब घेणे सोपे आहे, कार्ड दाखवणे अवघड आहे. मुलीचे कार्ड ट्रंकेच्या तळाशी जाते. ‘पाहुण्यांना सांगू नका, सोयरीक मोडेल’ असे घरातलीच माणसे म्हणतात. त्यांचे भय खोटे नाही. वाहक म्हणजे रोगी असा समज करून घेऊन मुलीला नकार देणारे लोक आहेत. पण लपवण्याने भय जात नाही, ते पुढच्या पिढीच्या हाडांत जाते. यावर उपाय एकच. मुलीकडच्यांना विचारायचे तेच मुलाकडच्यांनाही विचारायचे, आणि दोन्ही कार्डे एका वेळी समोर ठेवायची. पत्रिका दोघांची पाहतो ना? मग रक्तही दोघांचे पाहावे. आणि हे साखरपुड्याच्या दिवशी करायचे काम नव्हे. मुले वयात येतात तेव्हाच तपासणी झालेली असावी, म्हणजे मन गुंतण्याआधी माहिती हाती असते.

आणि दोघेही वाहक असून लग्न झालेलेच असेल तर? तर संसार मोडायचा नाही. दिवस राहिले की लवकर डॉक्टरांकडे जावे. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करून मूल एसएस आहे की नाही हे सांगता येते. नोंदणी झालेल्या केंद्रात अशी तपासणी करण्यास कायद्याची परवानगी आहे. गर्भाचे लिंग पाहणे मात्र गुन्हा आहे. पुढे काय करायचे तो निर्णय त्या आईबापांचा. ज्यांना तपासणी नको असेल त्यांनी निदान जन्मल्याबरोबर बाळाचे रक्त तपासून घ्यावे, कारण आजार लवकर कळला तर मूल वाचवता येते, वाढवता येते.

आजारी मुलाला सांभाळण्याच्या गोष्टी साध्या आहेत, पण त्या रोज पाळाव्या लागतात. पाणी भरपूर द्यावे. थंडीपासून आणि भर उन्हापासून जपावे. लसी चुकवू नयेत. फॉलिक ॲसिडची गोळी नेमाने द्यावी. हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध आहे. त्याने अंगात लहान बाळाच्या वेळचे हिमोग्लोबिन वाढते आणि वेदनेचे झटके कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. ताप आला, छातीत दुखले, श्वास लागला, मूल एकाएकी पांढरेफटक पडले किंवा हातपाय लुळा झाला, तर अंगाऱ्यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.

गुरुजींनाही दोन शब्द. असे मूल वर्गात असेल तर त्याला पुन्हा पुन्हा पाणी प्यावे लागते आणि लघवीलाही जावे लागते. त्याला अडवू नका. हजेरी पडते ती आळसाने नव्हे, दुखण्याने पडते. धावण्याच्या शर्यतीत त्याला ओढू नका, पण खेळातून हाकलूनही देऊ नका; गुण लिहायला बसवा, शिट्टी द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे, हे त्याच्या घरी जाऊन सांगा.

आता शेवटचा प्रश्न. चुकलेले अक्षर ओळखता आले, तर ते दुरुस्त करता येणार नाही का? येथे विज्ञान खरोखर पुष्कळ पुढे गेले आहे. २०१२ साली शार्पांतिए आणि डाउडना या दोन विदुषींनी जनुक हव्या त्या जागी कापण्याचे एक साधन दाखवून दिले. त्याला क्रिस्पर म्हणतात. २०२० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मघाशी सांगितले की बाळ पहिले काही महिने चांगले असते. त्याचे कारण असे की पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, आणि त्याचे विळे होत नाहीत. पुढे शरीर त्याची कळ बंद करते. शास्त्रज्ञांनी विचार केला, ही बंद झालेली कळ पुन्हा उघडली तर? रोग्याच्या रक्तातील मूळ पेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत क्रिस्परने ती कळ उघडतात आणि पेशी परत अंगात सोडतात. अमेरिकेत २०१९ साली व्हिक्टोरिया ग्रे या बाईंवर हा उपचार झाला आणि त्यांचे वेदनेचे झटके थांबले. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

पण दोन गोष्टी डोळ्यांआड करू नका. परत पेशी सोडण्याआधी जुनी अस्थिमज्जा कडक औषधांनी रिकामी करावी लागते. रोग्याला कित्येक आठवडे दवाखान्यात राहावे लागते. आणि अमेरिकेत या उपचाराची किंमत ठरली २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या वर. मेळघाटातील बापाला हा आकडा सांगणे म्हणजे चेष्टाच. म्हणूनच आपल्या देशातील काम महत्त्वाचे आहे. दिल्लीच्या जीनोमिकी संस्थेतील शास्त्रज्ञांनी स्वतःचे क्रिस्पर साधन तयार केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘बिरसा १०१’ या नावाने, बिरसा मुंडांच्या स्मरणार्थ, हा उपचार जाहीर झाला. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटशी त्यासाठी करार झाला आहे. खर्च पुष्कळ कमी व्हावा हा त्यामागचा हेतू. घोषणा होणे वेगळे आणि औषध तालुक्याच्या दवाखान्यात मिळणे वेगळे, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तोवर आहे ते औषध सोडू नये.

आणखी एक भेद समजून घ्या. हा उपचार रोग्याच्या रक्तापुरता आहे. आंब्याची फांदी कलम केली तरी खालच्या मुळात काही बदलत नाही, तसेच त्याच्या बीजात काही बदलत नाही. बरा झालेला रोगीही आपल्या मुलांना विळ्याची प्रतच देणार. म्हणजे सोयरिकीपूर्वीची तपासणी त्यालाही चुकत नाही. बीजच बदलावे, असा प्रयत्न एका चिनी शास्त्रज्ञाने केला. बदललेल्या गर्भांतून २०१८ साली जुळ्या मुली जन्मल्याचे त्याने जाहीर केले. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याचा निषेध केला आणि तेथील न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा बदल, ज्यांच्यावर होणार त्यांना न विचारता आणि परिणाम न जाणता करणे, हे जगाने मान्य केलेले नाही.

तेव्हा मंडळी, कोट्यवधींचे उपचार येतील तेव्हा येतील. रक्ताच्या एका थेंबाचा उपाय मात्र आज आपल्या गावात आहे. या आठवड्यात घरातील तरुण मुलामुलींची कार्डे शोधून काढा. नसतील तर आशाताईंना गाठा. आणि कार्डावर ‘वाहक’ असे निघाले तर घरात सर्वांना बसवून, दोन चिंचोके हातात घेऊन, त्याचा अर्थ समजावून सांगा.